पूरग्रस्त कुटुंबासाठी निवारा-पाणी संच: गावची यादी करण्यापासून चौथ्या दिवसाच्या फेरीपर्यंत

दर पावसाळ्यात फोन येतो, "आमचा टेम्पो भरलाय, कुठं पाठवू?" टेम्पोत काय आहे विचारलं की उत्तर ठरलेलं. जुने कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत हेच झालं, २०२१ला चिपळूण-महाडात झालं. माणसं मनापासून देतात, पण क्रम उलटा असतो. आधी वस्तू, मग गाव, आणि गरज कुठली हे सगळ्यात शेवटी.

हा लेख फक्त दोन गोष्टींसाठी आहे, डोक्यावर छप्पर आणि पिण्याजोगं पाणी. हिशोब ५ माणसांच्या कुटुंबाचा आणि १५ दिवसांचा धरलाय. पहिल्या दोन-तीन दिवसांचं शिजवलेलं अन्न, बचाव, औषधोपचार हे प्रशासन आणि आसपासची गावं बघतात, त्यात बाहेरच्यांनी गर्दी करू नये. तुमच्या संचाची खरी वेळ त्यानंतर येते. पाणी ओसरतं, शाळेतला मुक्काम संपतो आणि माणसं चिखलानं भरलेल्या, अर्ध्या पडलेल्या घराकडे परततात तेव्हा.

टप्पा १ : एक रुपयाही खर्चण्याआधी गावाला विचारा

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. तिथून किंवा तहसील कार्यालयातून कोणत्या गावांना अजून मदत पोहोचलेली नाही ते कळतं. टीव्हीवर दिसलेलं गाव शक्यतो टाळा, तिथं गाड्यांची रांग लागलेली असते.

गाव ठरलं की किमान दोन वेगवेगळ्या माणसांशी बोला. एक सरपंच किंवा पोलीस पाटील, दुसऱ्या आशाताई. ग्रामसेवक आणि तलाठी यांच्या पदांची नावं आता बदलली आहेत, पण गावात दोघांनाही भाऊसाहेबच म्हणतात. पंचनाम्याची माहिती त्यांच्याकडेच असते. विचारायचं एवढंच:

१. किती घरं पडली, किती घरांचं छप्पर गेलं, किती घरं उभी आहेत पण चिखलानं भरली?
२. माणसं आत्ता कुठं आहेत? शाळेत, पाहुण्यांकडे की रस्त्याकडेला?
३. पिण्याचं पाणी कुठून येतं? विहीर, बोअर की टँकर? नळयोजनेची मोटर बुडाली का?
४. पाणी शुद्ध करायला आरोग्य खात्यानं काही वाटलंय का?
५. शेवटचे ५ किलोमीटर कुठलं वाहन जातं?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात भिंती बऱ्याच ठिकाणी शाबूत होत्या, पत्रे आणि कौलं उडाली होती. तिथं ताडपत्री, खिळे, तार लागते. कृष्णाकाठी मातीच्या भिंती भिजून बसतात, तिथं पूर्ण आडोसा उभा करावा लागतो. आणि घर उभं असून आत गुडघाभर गाळ असेल तर ताडपत्रीपेक्षा फावडं, घमेलं आणि खराटा आधी लागतो. एकच संच तिन्हीकडे पाठवला की दोन ठिकाणी चुकतो.

तपासणी : यादीत कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसांची संख्या आणि वस्ती आहे ना? यादी रेशनकार्डावरून केली असेल तर वीटभट्टीवरची, ऊसतोडीच्या टोळीची, पालावरची माणसं त्यात सापडणार नाहीत. "गावठाणाबाहेर कोण राहतं?" हा प्रश्न मुद्दाम वेगळा विचारा. गावात दोन गट असतील, आणि बहुतेक असतातच, तर यादी दोन्ही बाजूंना दाखवा.

टप्पा २ : संच ठरवा आणि त्यात भर घालू नका

निवाऱ्यासाठी:
- ताडपत्री २, प्रत्येकी साधारण १५ बाय २० फूट
- ६ मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी, ३० मीटर
- बांधायची तार आणि सुतळी
- चटया २, चादरी किंवा ब्लँकेट ३
- मच्छरदाणी १, मोठी

पाण्यासाठी:
- २० लिटरचा, लहान तोंडाचा, झाकणाचा कॅन १, पाणी आणायला
- २० लिटरची झाकण आणि तोटी असलेली बादली १, पाणी साठवायला
- क्लोरीनच्या गोळ्या ३०, एक गोळी २० लिटरला या ताकदीच्या
- तुरटीचा खडा, आणि गाळायला मीटरभर जाड सुती कापड
- अंगाचा साबण ५ वड्या, कपड्यांचा साबण ४ वड्या

फावडं, कुदळ, पहार, हातोडा, कोयता आणि दोन घमेली हा अवजारांचा संच दर पाच कुटुंबांत एक पुरतो.

आकडे कुठून आले? आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरले जाणारे स्फिअर मानदंड माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा धरतात. ५ माणसांना १७.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १८८ चौरस फूट. १५ बाय २० ची ताडपत्री साडेपाच फूट उंचीच्या आढ्यावरून दोन्हीकडे सोडली तर खाली साधारण १० बाय २० फूट जागा मिळते, म्हणजे काठोकाठ. दुसरी ताडपत्री जमिनीवर अंथरायला आणि दोन्ही टोकं झाकायला. लोक हीच दुसरी गाळतात, मग कुटुंब ओल्यात झोपतं.

पाण्याचं गणित असं. पिण्याला आणि स्वयंपाकाला ५ जणांना दिवसाला ३५ ते ४० लिटर, म्हणजे दोन बादल्या, दोन गोळ्या. १५ दिवसांच्या ३०. धुण्याभांड्याच्या पाण्यात गोळी वाया घालवायची नाही.

हे नको : बाटलीबंद पाणी. एका कुटुंबाचं १५ दिवसांचं नुसतं पिण्याचं पाणी, माणशी ३ लिटरनं, २२५ लिटर होतं. तेवढ्याच वजनात डझनभर कुटुंबांचे संच जातात, आणि मागं रिकाम्या बाटल्यांचा ढीग राहत नाही. वापरलेले कपडे नकोत. अँटिबायोटिक तर मुळीच नकोत. लेप्टोच्या (पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) भीतीनं लोक परस्पर गोळ्या वाटतात, ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राचं. ओआरएस द्यायचंच असेल तर सोबत १ लिटरची बाटली द्या, कारण एक पाकीट एका पेल्यात कालवून पाजणं ही चूक घरोघरी होते आणि ती लहान मुलाला महागात पडते.

टप्पा ३ : खरेदी, म्हणजे फसण्याची जागा

ताडपत्रीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. दुकानात ताणकाटा घेऊन जा. १५ बाय २० फूट म्हणजे जवळपास २८ चौरस मीटर. १५० जीएसएमची (एका चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाची) असेल तर ४.२ किलो भरली पाहिजे, २०० ची असेल तर ५.६ किलो. अडीच किलो भरली तर ती ९० ची आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. दीडशेच्या खाली घेऊ नका, पहिल्याच वाऱ्यात कडेनं उसवते.

मापही टेपनं घ्या. कडा दुमडून शिवल्यावर ताडपत्री कमी भरते. कडेच्या दुमडीत दोरी शिवलेली आहे का, कड्या साधारण दर तीन फुटांवर आहेत का, बोटानं ओढल्यावर कडी हलते का, हेही बघा. आणखी एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही: रात्री आत दिवा लावला की पातळ ताडपत्रीतून आतली सगळी हालचाल बाहेर दिसते. दुकानातच मोबाईलची बॅटरी मागं धरून बघा.

बादलीचा आमचा धडा महागात पडला. एका वर्षी '२० लिटर' म्हणून घेतलेल्या बादल्या वाटल्यानंतर मोजल्या, तर काठोकाठ १६ लिटर. गोळी २० ची. पाण्याला औषधाचा वास इतका उग्र की बायकांनी ते ओतून दिलं आणि पुन्हा विहिरीचं पाणी प्यायला सुरुवात केली. तेव्हापासून नमुन्याच्या बादलीत मापाच्या बाटलीनं २० लिटर ओतून बघतो, आणि प्रत्येक बादलीवर २० च्या पातळीला पक्क्या मार्करची रेघ मारतो.

गोळ्यांच्या पट्टीवर दोन गोष्टी वाचा. मुदत, आणि किती लिटरला एक. वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या दिसायला सारख्याच असतात. दोन दुकानांतून दोन ताकदींच्या आणून एका ढिगात मिसळल्या की पुढं कुणालाच काही कळत नाही. आरोग्य खातं त्या गावात आधीच मेडिक्लोर (क्लोरीनचं पातळ औषध) वाटत असेल तर तुमच्या गोळ्या घरीच ठेवा. फक्त कॅन आणि बादली द्या. एका घरात दोन औषधं गेली की एकतर दोन्ही टाकली जातात, नाहीतर एकही नाही.

शेतीऔषधाचे किंवा रंगाचे धुतलेले कॅन कुणी फुकट देऊ केले तरी नाही म्हणा.

पैशाबद्दल दोनच ओळी. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी देणाऱ्याच्या आयकर सवलतीला धरत नाही, म्हणून बँकेतूनच घ्या. परदेशातल्या मराठी मंडळांकडून पैसे येणार असतील तर एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेतर्फेच घ्यावे लागतात. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गानं पाठवलं तर ती विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय कार्डवाल्या भावाचे पैसे मात्र विदेशी देणगीत मोडतात.

टप्पा ४ : बांधणी

पोतं किंवा खोका वापरायची गरज नाही. गोळ्या, तुरटी, साबण, कापड, तार बादलीत जातात. गोळ्या वेगळ्या पिशवीत ठेवा, साबणाला चिकटून नको. चटया-चादरी एका ताडपत्रीत गुंडाळायच्या, वरून संचातल्याच दोरीनं बांधायचं. सगळं मिळून १५ ते १८ किलो होतं. ते एका गाठोड्यात बांधू नका. सत्तरीच्या आजींना दोन फेऱ्यांत नेता आलं पाहिजे.

वापराचा कागद मोठ्या अक्षरांत, चित्रांसह, बादलीवर बाहेरून चिकटवा. आत टाकलेला कागद कुणी वाचत नाही.

तपासणी : दर पंचवीस संचांमागे एक उघडून यादीशी ताडा. रात्री अकराला बांधलेल्या संचांत तोटी किंवा गोळ्या राहिलेल्या असतात.

टप्पा ५ : वाहतूक

निघण्याच्या सकाळी गावात पुन्हा फोन करा. पूल खुला आहे का, एवढंच. मोठा ट्रक तालुक्याला थांबवून पुढं पिकअप किंवा ट्रॅक्टर ट्रॉली करणं बरं. बरोबर पाच-सहाच माणसं न्या. पंधरा जणांच्या जेवणाची सोय शेवटी त्या गावालाच करावी लागते.

टप्पा ६ : वाटप

गाडी चौकात उभी करून वरून देणं हा वाटपाचा सर्वांत वाईट प्रकार. जो धावू शकतो त्याला मिळतं. असं करा:

१. आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन यादीप्रमाणे कुपन द्या. पडझड डोळ्यांनी बघा, यादी तिथंच दुरुस्त होते.
२. वाटप वस्तीनिहाय आणि वेळ सांगून ठेवा. दलित वस्ती आणि गावठाणाबाहेरची वस्ती शेवटी ठेवू नका. संच कमी पडले तर शेवटचेच उपाशी राहतात.
३. कुपन घरातल्या बाईच्या नावानं दिलेलं बरं. पाणी तीच भरते.
४. म्हातारी, अपंग, बाळंतीण यांचा संच घरपोच.
५. सही किंवा अंगठा घ्या. फोटो ढिगाचा काढा, हात पसरलेल्या माणसाचा नको.

वाटप सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर पुढचे दोन टप्पे करून दाखवा. ताडपत्री बांधून, आणि तिथलंच गढूळ पाणी निवळून, गाळून, मग गोळी टाकून. यात तासभर जातो, आणि कंटाळून हाच तास लोक वाचवतात.

सावधान : पंचनामा झालेला नसेल तर पडकी भिंत आणि भिजलेलं सामान हलवण्याआधी कुटुंबानं मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, भाऊसाहेबांना कळवावं. तुमच्या उत्साही स्वयंसेवकांनी घर झाडून लख्ख केलं आणि नुकसानीचा पुरावाच गेला, असं होऊ देऊ नका.

टप्पा ७ : ताडपत्री उभी करणं

आधी जागा. डोंगर कापून काढलेल्या उताराखाली, ओढ्याच्या पात्रात, विजेच्या तारेखाली, वाळलेल्या फांद्यांखाली नको. दरडीखाली गेलेली माळीण आणि तळिये विसरण्याइतकी जुनी नाहीत. तडा गेलेल्या मातीच्या भिंतीचा आधार घेऊ नका. ती भिजताना उभी राहिली तरी उन्हानं वाळताना पडू शकते.

१. आडवी दोरी दोन झाडांना किंवा दोन बल्ल्यांना, साडेपाच फुटांवर, ताठ. हेच आढं.
२. त्यावर ताडपत्री मधोमध टाका. वाऱ्याची बाजू नुसत्या उघड्या टोकाला येईल अशी दिशा नको.
३. कोपरे आधी ओढा, मग मधल्या कड्या. कडी तुटली तर ताडपत्रीत लिंबाएवढा गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा. हे कडीपेक्षा मजबूत बसतं. ताडपत्रीला भोक पाडायचं नाही.
४. खुंट्या बाहेरच्या बाजूला कलत्या ठोका. मराठवाड्यातली काळी माती भिजली की लोण्यासारखी होते, खुंटी आपोआप वर येते. तिथं लांब खुंटी ठोकून तिच्यावर दगडांचं ओझं ठेवा. कोकणात जांभ्यात खुंटी शिरतच नाही, तिथं दोरी झाडाला नाहीतर चिऱ्याला बांधा.
५. भोवती वीतभर खोल चर खणा, उताराकडे तोंड काढून.
६. दुसरी ताडपत्री आत अंथरताना कडा चार बोटं वर वळवा.

तपासणी : छपरावर बादलीभर पाणी ओता. कुठं साचलं तर तिथं ताण कमी आहे. एका रात्रीच्या पावसात तो खळगा पाण्यानं भरून सगळंच खाली आणतो.

सपाट छत करू नका, आणि आत चूल पेटवू नका. ताडपत्री वितळून पेटते. चुलीला बाजूला पत्र्याचा वेगळा आडोसा.

टप्पा ८ : पाणी

सर्वांत जास्त चुका इथं होतात, आणि जवळजवळ सगळ्या क्रमाच्या. गोळी ही शेवटची पायरी आहे. गढूळ पाण्यात आधी गोळी टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, जंतूंसाठी काही उरत नाही.

१. कॅनमध्ये आणलेलं पाणी तासभर स्थिर ठेवा.
२. गढूळ असेल तर तुरटीचा खडा पाण्यात काही वेळा फिरवा, पुन्हा थांबा. गाळ तळाला बसतो.
३. वरचं निवळ पाणी चौपदरी सुती कापडातून बादलीत गाळा, २० च्या रेघेपर्यंत. तळ हलवू नका.
४. एक गोळी. झाकण. घड्याळ लावून ३० मिनिटं.
५. मगच प्यायचं, तोटीनं. पेला किंवा हात बुडवायचा नाही.

तपासणी : बादलीच्या आतल्या तळाला मार्करनं फुली काढा. २० लिटर भरल्यावर वरून फुली स्पष्ट दिसत नसेल तर पाणी अजून गढूळ आहे, पुन्हा गाळा. तरीही दिसेना आणि दुसरं पाणीच नसेल, तर गढूळ पाण्यासाठी पाकिटावर जे प्रमाण लिहिलंय तेवढंच वापरा.

वासाची तक्रार येणारच. हलका वास असणं चांगलं, म्हणजे औषध अजून पाण्यात आहे, हे समजावून सांगा. फारच लागत असेल तर अर्ध्या तासानंतर स्वच्छ भांड्यात दोन-तीनदा वरून ओतलं की कमी होतो. लहान मुलं गोळी चघळतील, पट्टी उंचावर ठेवा.

गोळी जंतू मारते, रसायन काढत नाही. गावात खतं-औषधांचं दुकान, पेट्रोल पंप किंवा गोदाम बुडालं असेल, पाण्याला रॉकेलचा वास किंवा वर तवंग असेल, तर ते पाणी कितीही गाळलं तरी पिण्याचं नाही. तिथं टँकरच हवा. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं आहे. ते कधी आणि किती टाकलं ते विचारा, स्वतः पोतं ओतू नका.

टप्पा ९ : चौथ्या दिवशी परत जा

वाटपानंतर चौथ्या दिवशी दोन माणसं पाठवा, फोटो काढायला नव्हे. यादीतली दहा घरं कुठलीही निवडा. बादलीला झाकण आहे का? पट्टीतल्या किती गोळ्या संपल्या? चार दिवसांत आठ गेल्या पाहिजेत. सगळ्या तशाच असतील तर वास, भीती किंवा न समजलेली सूचना, यांपैकी काय ते बसून ऐका. जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं द्रावण असतं. त्याच्याकडून बादलीतल्या पाण्याची चाचणी घ्या, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर गोळी पडलेली नाही, किंवा गढूळ पाण्यात पडली.

ताडपत्र्या कुठं गेल्या तेही दिसतं. कडब्याच्या गंजीवर किंवा गोठ्यावर दिसली तर रागावू नका. त्या घराला जनावर वाचवणं जास्त गरजेचं होतं, म्हणजे तुमच्या यादीत चाऱ्याचा आणि गोठ्याचा प्रश्नच विचारलेला नव्हता. पुढच्या वर्षीच्या टप्पा १ मध्ये तो सहावा प्रश्न म्हणून लिहून ठेवा.

उरलेले संच परत आणले तर ताडपत्र्या वाळवून, दोऱ्या सोडून, उंदीर लागणार नाहीत अशा जागी ठेवा. गोळ्यांच्या मुदतीची तारीख बाहेर मोठ्या आकड्यांत लिहा. मे महिन्यात ती एकदा बघायची.